पीठ बदलले, स्वातंत्र्यही बदलले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने गुरविंदर सिंग प्रकरणात सांगितले की, ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ या तत्त्वाला ‘यूएपीए’मध्ये, म्हणजेच बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात थारा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जलालुद्दीन खान प्रकरणात दुसरे द्विसदस्यीय पीठ म्हणाले की, हे तत्त्व अशा विशेष कायद्यांनाही लागू आहे. मधल्या सहा महिन्यांत संसदेने यूएपीएतील जामिनाच्या तरतुदीला हात लावला नव्हता. जीवित आणि स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या अनुच्छेद २१ मध्येही काना-मात्रेचा फरक झालेला नव्हता. बदलले होते ते फक्त पीठ.

मतभेद न्यायालयाला नवे नाहीत. पण हा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आधीच हाताळला होता. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये यूएपीएत कलम ४३-ड (५) आले. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही, असे ते कलम सांगते. २०१९ च्या वटाली निकालाने जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची खोलवर छाननी करण्यास मनाई केली आणि दार आणखी अरुंद झाले. त्यावर २०२१ मध्ये नजीब निकालाने मर्यादा घातली. त्या प्रकरणातील आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे राहिले होते. खटला वाजवी मुदतीत संपण्याची चिन्हे नसतील, तर या कलमाचा अडसर असतानाही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे त्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले.

मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठावर बंधनकारक असतो. तो पटला नाही तर प्रकरण सरन्यायाधीशांपुढे मांडावे, हा दंडक दाऊदी बोहरा प्रकरणात २००४ मध्ये घटनापीठानेच घालून दिला आहे. त्यातून काढली जाणारी पळवाट म्हणजे ‘इथली वस्तुस्थिती वेगळी’ हे वाक्य. नजीब निकाल गुरविंदर सिंग प्रकरणात असाच बाजूला ठेवला गेला. प्रत्येक खटल्याचे तपशील निराळे असतात हे खरे. पण त्या भेदाच्या आडून तत्त्वच पुसले जात असेल, तर तो पूर्वनिर्णय रद्द न करताच निकालात काढण्याचा प्रकार ठरतो.

जुन्या निकालांना कवटाळून बसावे, असे कोणी म्हणणार नाही. आणीबाणीत नागरिकाला अटकेविरुद्ध दाद मागण्याचाही हक्क नाही असे सांगणारा १९७६ चा जबलपूर निकाल ४१ वर्षे पुस्तकात राहिला, हे भूषण नव्हे. मात्र २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी तो उघडपणे, कारणे देऊन मोडीत काढला. चूक दुरुस्त करण्याची रीत ती आहे. दहशतवादाचे आरोप गंभीर असतात आणि तपास यंत्रणांच्या अडचणीही खऱ्या असतात. पण गंभीर आरोपाचे उत्तर जलद खटला हे आहे, न संपणारी कोठडी नव्हे.

या गोंधळाची किंमत मोजतो तो कच्चा कैदी. भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली आरोपी असलेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले. तोवर त्या खटल्यात आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. अशा वेळी जामीन मिळणार की नाही हे प्रकरण कोणत्या पीठापुढे लागले यावर ठरू लागले, तर मूलभूत हक्क आणि नशीब यांत अंतर उरत नाही.

सरन्यायाधीशांनी दीर्घ कोठडी आणि कलम ४३-ड (५) यांचा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवावा. तोपर्यंत नजीब निकाल हाच कायदा आहे आणि लहान पीठांनी तो पाळला पाहिजे. अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. तो घोषित करणारेच एका सुरात बोलत नसतील, तर सत्र न्यायाधीशाने पाळायचा तरी कोणता?