इंजिनिअरला नीती कुठे शिकवायची?

बिबवेवाडीतील विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीपासून कोंढवा फार लांब नाही. तिथे २९ जून २०१९ च्या रात्री पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. दोन-तीन दिवसांतच आंबेगावात दुसरी भिंत पडून आणखी सहा जण मेले. अशा वेळी डॉक्टरच्या हाती फारसे काही उरत नाही.

भिंत का पडते, हे स्थापत्यच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. मागची माती भिजते, पाण्याचा दाब वाढतो. निचऱ्याची छिद्रे नसतील किंवा पायथ्याशी खोदले असेल तर भिंत तग धरत नाही. वर्गात येत नाही तो प्रश्न वेगळाच. अशा भिंतीखाली मजुरांची बिऱ्हाडे दिसली तर साइटवरच्या नव्या इंजिनिअरने काय करायचे? तोंडी सांगायचे, लेखी द्यायचे, की काम थांबवायचे? आणि नोकरी गेली तर?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात मानवी मूल्यांचा विषय आला. स्वतःशी, कुटुंबाशी, समाजाशी, निसर्गाशी सुसंवाद, असा त्याचा रोख. त्यात वावगे काही नाही. पण अठरा वर्षांच्या मुलांना तो शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखा वाटला तर नवल नाही.

वैद्यकीय शिक्षणही बरीच वर्षे याच वाटेने गेले. न्यायवैद्यकाच्या पुस्तकातले एक प्रकरण पाठ केले की झाले! २०१९ पासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ आले. संमती, गोपनीयता, मृत्यूची बातमी हे सारे प्रसंगांतून, पहिल्या वर्षापासून. काही ठिकाणी नुसती वही भरली जाते, हेही खरे. तरी विषय रुग्णाजवळ आला.

मातीच्या दाबाचे गणित सोडवतानाच कोंढव्याचा प्रसंग मांडता येईल. तो स्थापत्यच्याच शिक्षकाने मांडावा, पाहुण्या वक्त्याने नव्हे. मोठी अडचण पुढे आहे. गैरवर्तनासाठी डॉक्टरची नोंदणी वैद्यक परिषद रद्द करू शकते. वास्तुरचनाकारांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी देशपातळीवर तशी वैधानिक परिषद नाही. ‘असे केले तर माझी नोंदणी जाईल,’ असे डॉक्टर वरिष्ठाला सांगू शकतो. साइटवरच्या तरुणाकडे मालकापुढे बोलायला तेवढे वाक्यही नसते.