पूररेषेपलीकडची चेरी

२०१५ च्या डिसेंबरातल्या पुरानंतर चेन्नईत कूवम नदीकाठच्या वस्त्या ‘सुरक्षेसाठी’ उठवल्या गेल्या. उठवलेल्यांत बहुसंख्य दलित. त्यांना घरं मिळाली ती वीसेक किलोमीटरवर, पेरुंबाक्कमला, म्हणजे पळ्ळिकरणै पाणथळीच्या पट्ट्यात, जिथं त्याच पुराचं पाणी शिरलं होतं! घरकाम, हमाली, पोरांच्या शाळा मात्र मागंच राहिल्या. याच पट्ट्यात आयटी कंपन्यांच्या इमारतीही आहेत. त्यांना कुणी अतिक्रमण म्हटल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. तमिळ गावात ‘ऊर’ वेगळं, दलितांची ‘चेरी’ वेगळी. शहरानं तीच रेघ पाण्याच्या पातळीवर ओढली, असं माझं मत आहे. पुनर्वसनाची जागा ठरण्याआधी पूररेषेचा नकाशा वस्तीच्या हातात पडला पाहिजे, तोही तमिळमध्ये.