बांधणं हेही इंजिनिअरिंगच!

मित्रांनो, आपल्याकडे 'सामान बांधणं' हे काम हलकं समजलं जातं. डिझाइन करतो तो इंजिनिअर आणि टपावर चढून दोरी ओढतो तो क्लीनर, अशी सरळ वाटणी! माझं मत नेमकं उलटं आहे. त्यासाठी उदाहरण घेतो हँग ग्लायडरचं.

कामशेतच्या डोंगरावर रंगीत छत्र्या तरंगताना दिसतात, ते पॅराग्लायडर. नुसतं कापड आणि दोऱ्या, पाठीवरच्या सॅकमध्ये मावतात. हँग ग्लायडरला मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो. घडी घातली तरी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ३० किलोच्या आसपास वजनाची वळकटी उरते. ती जाणार गाडीच्या टपावरूनच. हा प्रश्न काही नवा नाही. जर्मनीच्या ऑटो लिलिएनथालने १८९०च्या दशकात केलेल्या ग्लायडरचे पंखसुद्धा नेण्या-आणण्यासाठी मिटता यायचे.

आता आपला सर्वमान्य सिद्धांत काय? 'जितकं घट्ट, तितकं चांगलं.' ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा आणायचा आणि कटकट आवाज करत दांडा दाबत सुटायचं. इथेच स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सचा पेपर आठवायला हवा. ग्लायडरच्या नळीची भिंत जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. उडताना येणारा भार ती आरामात पेलते, कारण तो भार तिच्यासाठी हिशेब करून ठरवलेला असतो. पण अरुंद पट्ट्याने एकाच जागी आवळलं तर तिला पोचा पडतो. आणि पोचा पडलेली पातळ नळी दाबाखाली त्याच जागी बकल होते, हे आपण व्हायवात तोंडपाठ म्हणून दाखवतो! वर हा पोचा कापडी पिशवीच्या आत असतो, म्हणजे चटकन दिसतही नाही. तो कळणार कुठे, तर डोंगरावरून उडी घेतल्यावर.

म्हणून जाणकार पायलट रॅचेटऐवजी साधा बकलचा, हाताच्या जोराने ओढायचा पट्टा वापरतात. टपावरच्या दोन दांड्यांमध्ये अंतर असतं जेमतेम मीटरभर. मग पुढे-मागे दोन-दोन मीटर ग्लायडर अधांतरी लोंबकळणार, म्हणजे शुद्ध कँटिलिव्हर. प्रत्येक खड्ड्याला टोकं वर-खाली नाचणार आणि आत धातूवर धातू घासणार. त्यावर उपाय साधा आहे. कॅरिअरवर एक लांब शिडी आडवी टाकायची, तिच्यावर फोम गुंडाळायचा, म्हणजे आधार लांबवर विभागला जातो. पट्ट्याला मध्ये एक-दोन पीळ द्यायचे, नाहीतर वाऱ्यात तो फडफडून घूं घूं करतो, झिजतो आणि सैल पडतो.

आता दुसरी बाजू. सैल बांधून कसं चालेल? गाडीने करकचून ब्रेक मारला आणि वेग सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद या दराने उतरला, तर ३० किलोचा ग्लायडर २१० न्यूटनने पुढे झेपावतो. तीन ग्लायडर असतील तर ६३० न्यूटन. आडवे पट्टे ग्लायडरला खाली दाबतात, पुढे सरकण्याला अडवतं ते फक्त घर्षण. त्यासाठी पुढच्या टोकापासून बंपरपर्यंत आणि मागेही तशीच वेगळी दोरी हवी. शिवाय बऱ्याच छोट्या गाड्यांच्या टपाची मर्यादा ५० ते ७५ किलोच असते आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. म्हणजे तीन ग्लायडर तिथे बसतच नाहीत, मग दोस्तमंडळींनी कितीही 'अरे, चलता है' म्हटलं तरी!

हा 'चलता है'च माझ्या मते खरा शत्रू आहे. बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधायला दोन मिनिटं लागतात, पण मागून येणाऱ्या बाइकवाल्याचा त्यात जीव असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर परवानगीपेक्षा बाहेर आलेल्या मालासाठी २० हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने बांधलेली गाठ आणि समजून बांधलेली गाठ यात फरक असतोच.

कोणी म्हणेल, आपल्या होस्टेलमध्ये कोण ग्लायडर उडवतंय? खरं आहे. पण बाहा स्पर्धेची गाडी टेम्पोत कोण चढवतं? गॅदरिंगचे स्पीकर, फ्लेक्सच्या फ्रेम टपावर कोण टाकतं? आपणच. आणि बांधायला सांगतो कोणाला? ड्रायव्हरला! वस्तू कुठे नाजूक आहे हे ती बनवणाऱ्याला माहीत असतं, ड्रायव्हरला नाही. ग्लायडरचे पायलट हे काम सहसा दुसऱ्यावर सोडत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी त्याच नळीच्या भरवशावर त्यांना लटकायचं असतं.

तेव्हा सरांना एक विनंती. वर्कशॉपमध्ये फायलिंगचे इतके तास आहेत, त्यातला एक तास सामान बांधण्याला द्या. कुठे आधार, किती ताण, कुठली गाठ, आणि निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा तपासायचे, एवढं शिकवा. आणि मित्रांनो, तोपर्यंत निदान आपण बनवलेली वस्तू आपण स्वतः बांधूया.