गॅस गिझर पहिल्यांदा पेटवताय? आधी तो न्हाणीघराबाहेर काढा

गणपतीच्या आठवडाभर आधी लांजा तालुक्यातल्या वाड्यांमध्ये बंद घरांची कुलपं निघू लागतात. कोळिष्टकं काढायची, टाकी धुवायची, लाइट आहे का बघायची. मग कोणीतरी म्हणतं, ‘गिझर लाव रे, मुलांच्या आंघोळी होऊ देत.’ आठ-दहा महिने बंद पडलेला गॅस गिझर त्या क्षणी पेटतो. काही घरांत तर तो त्याच दिवशी नवा बसवलेला असतो.

याच पहिल्या पेटवण्याबद्दल मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत नसावा. आणि बसवणाऱ्याने तो आपल्यासमोर तपासून दाखवल्याशिवाय त्याच्या हातात पैसे ठेवू नयेत.

पाऊण तासात काम संपलं

गेल्या वर्षी आमच्या घरी नवा गिझर आला. बसवणाऱ्याने भिंतीला भोकं पाडली, नळ्या जोडल्या, निळी ज्योत दाखवली आणि पैसे घेऊन तो गेला. न्हाणीघराला खिडकी किती, जळलेला वायू जाणार कुठे, हे त्याने विचारलं नाही. मी इंजिनीअरिंग शिकलोय, तरी मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळ करून आली ती डोकं धरूनच. ‘हरतालिकेचा उपास आहे ना, त्यानेच असेल,’ म्हणाली. उपासानेही असेल. पण खोक्यातली माहितीपुस्तिका मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी गिझर पडवीत हलवला.

प्रत्येक घराला असा इशारा मिळतोच असं नाही. मार्च २०२३ मध्ये होळीनंतर घाटकोपरला एक दाम्पत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा पोलिसांचा पहिला संशय गॅस गिझरवरच गेला होता.

बंबाला धूर होता

आपल्या आधीच्या पिढीला हे शिकवावं लागलं नाही. पाणी तापायचं ते मागच्या पडवीतल्या चुलीवर नाहीतर अंगणातल्या तांब्याच्या बंबात. बंबाला वर धुराडं असायचं. तो कोणी मोरीत नेऊन, दार लावून पेटवला नाही, कारण धुराने डोळे चुरचुरले असते. शिवाय कौलांच्या फटींतून घर श्वास घेत असे.

आता न्हाणीघराला वर स्लॅब आहे, भिंतींना फरशी आहे, खिडकीला सरकती काच आहे आणि पावसाळ्यात ती बंदच असते. गॅसच्या ज्योतीला धूर दिसत नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण आग थेट आत नेली.

थोडं गणित करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर १५ मिनिटांत साधारण पाव किलो गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे ३ घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात हवा असते साडेपाच घनमीटरच्या आतबाहेर. म्हणजे खिडकी-दार बंद असेल तर एका निवांत आंघोळीला निम्म्याहून जास्त हवा हवी. पण धोका एवढी हवा संपण्याची वाट पाहत नाही. ऑक्सिजन कमी होऊ लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो, याला तसं काही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, पायांतली ताकद जाते. धोका समजेपर्यंत दाराची कडी काढायचंही बळ राहत नाही. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. त्याला हा वायू ओळखता येत नाही आणि तो आकडा चांगला दाखवू शकतो.

पेटवण्यापूर्वी हे बघा

१. जागा. गिझर पडवीत किंवा मागच्या बाजूला, छपराखाली, मोकळ्या हवेत हवा. न्हाणीघरात फक्त गरम पाण्याचा पाइप जावा. गिझर झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखालीही नको.

२. कोणत्या गॅसचा? हा मुद्दा खास चाकरमान्यांसाठी. मुंबईच्या फ्लॅटमधला पाइप गॅसवर चालणारा जुना गिझर गावी आणून सिलिंडरला जोडू नका. पाइप गॅससाठी आतल्या जेटचं भोक मोठं असतं. त्यातून सिलिंडरचा गॅस गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतो आणि अर्धवट जळतो. गिझरवरच्या पट्टीवर ‘एलपीजी’ लिहिलंय का, ते वाचा. नवा घेताना आयएस १५५५८ हे मानक आणि आयएसआय खूण बघा.

३. नळी. आयएसआय खुणेची सुरक्षा नळीच वापरा आणि तिच्यावर छापलेली मुदत वाचा. बंद घरात उंदरांनी कुरतडलेली नळी ही नेहमीची गोष्ट आहे. शेगडी आणि गिझर एकाच नळीला टी जोडून चालवू नका.

४. साबणाचं पाणी. गॅस सुरू करून, पण गिझर न पेटवता, प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधायची नाही.

५. आतली जाळी. कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर हवेची वाट अडवतं. बंद घरातला गिझर दर वर्षी उघडून साफ करून घ्या. जुने सेल काढून नवे घाला.

६. पहिली दहा मिनिटं. न्हाणीघरात कोणी नसताना नळ सोडा. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी असेल, भपकन पेटत असेल किंवा काजळी धरत असेल तर बंद करा. नळ बंद केल्यावर ज्योत लगेच विझते का, तेही बघा.

काही गिझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. ती सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे वायू बाहेर जात नाही. तिच्या भरवशावर गिझर आत लावू नका.

‘बाहेर लावला तर पाऊस लागतो’

हे मला घरीच ऐकवलं गेलं आणि ते खोटं नाही. कोकणातला पाऊस आडवा येतो, वारा ज्योत विझवतो. पाइप लांबला की खर्च वाढतो आणि गरम पाणी यायला वेळ लागतो. पण पडवीच्या आतल्या भिंतीला, झडीपासून आडोशाला गिझर बसतो. आमच्याकडे जास्तीचा पाइप लागला तो सात फूट.

विजेचा गिझर घ्या, हा सल्लाही सोपा आहे. पण पावसाळ्यात लाइट किती वेळ असते आणि लाकडं किती ओली, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून गॅसवाल्यांना मी दोष देत नाही.

मग जबाबदारी कोणाची?

आज ती कोणाचीच नाही. दुकानदार खोकं विकतो, प्लंबर पाण्याचे पाइप जोडतो, एजन्सी सिलिंडर देते. वायू बाहेर कुठे जाणार, हे तिघांपैकी कोणी विचारत नाही. दुकानदाराने बिलासोबत वरच्या सहा गोष्टींचा कागद द्यावा आणि बसवणाऱ्याने त्यावर सही करावी. एजन्सीचा माणूस शेगडी-नळी तपासायला येतो तेव्हा त्याला गिझरही दाखवावा. नगरपंचायत आणि ग्रामपंचायतींनी गणपतीपूर्वी पाणी-दिव्यांची बैठक घेताना याचीही दवंडी द्यावी. यात कुठेच मोठा खर्च नाही.

तोवर दोन नंबर घरात लिहून ठेवा. गॅस गळतीसाठी १९०६, रुग्णवाहिकेसाठी १०८. आंघोळीला गेलेलं माणूस वेळ झाला तरी हाकेला ओ देत नसेल, तर दार फोडा, त्याला उघड्यावर आणा, गॅस बंद करा आणि मगच फोन लावा.

यंदा कुलूप काढल्यावर गिझर लावायची घाई करू नका. पहिल्या दिवशीचं पाणी चुलीवर तापलं तरी चालेल. आमच्याकडे आईने यंदा तेच ठरवलंय.