परिसंस्थेचा धडा कपाशीत न्या

नववीच्या विज्ञानात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाचा धडा आहे. तळाशी वनस्पती, त्यावर शाकाहारी, शेंड्यावर मांसाहारी असा मनोरा परभणी जिल्ह्यातली मुले वहीत सुबक काढतात आणि गुण मिळवतात. शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशीवर मावा आणि माव्यावर ढालकिडा जगत असतो. प्रश्नपत्रिकेला त्याच्याशी देणेघेणे नसते.

गंमत म्हणजे मनोऱ्याची ही कल्पना वर्गात बसून सुचलेली नाही. चार्ल्स एल्टन १९२१ मध्ये, ऑक्सफर्डचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी असताना, आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गनच्या मोहिमेवर गेला. कोण कोणाला खातो, हे त्याने तिथल्या उघड्या माळावर पाहून टिपले. संख्येचा मनोरा त्याने पुढे १९२७ च्या पुस्तकात मांडला.

परभणीच्या काळ्या रानात आर्क्टिकपेक्षा कितीतरी जास्त घडते. गुलाबी बोंडअळीचेच पाहा. भारतात बीटी कपाशी २००२ मध्ये आली. अमेरिकन बोंडअळी बरीचशी आवरली, पण २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने राज्यभर बोंडे पोखरली. असे का? अमेरिकन अळी तुरीवर, हरभऱ्यावरही वाढते. तिथे बीटीचे विष नसल्याने विषाला बळी पडणारे पतंगही टिकून राहतात आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होतो. गुलाबी अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. कडेने बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या, हा नियम बहुतेक शिवारांत कागदावरच राहिला. मग विष पचवणाऱ्या अळ्याच उरल्या आणि त्यांचीच वंशावळ वाढली. नैसर्गिक निवडीचे याहून जवळचे उदाहरण कोणत्या पुस्तकात सापडणार?

हे शिकायला प्रयोगशाळा लागत नाही. एक कामगंध सापळा, वही आणि रोजची सकाळ पुरे. सापळ्यात फक्त नर अडकतात. का, हा पहिला प्रश्न. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग आले, तर शेतकऱ्याने उपाय करावा, असा संकेत आहे. आलेख मुलांनीच काढावा. जोडीला वीस हिरवी बोंडे फोडून अळ्या मोजाव्यात, झाडागणिक ढालकिडे, कोळी, क्रायसोपा टिपावेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच असल्याने मार्गदर्शनासाठी लांब जायलाही नको.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. फवारणीचा धोकाही खरा आहे: २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. म्हणून नुकत्याच फवारलेल्या शेतात मुलांना पाऊलही टाकू देऊ नये. मालकाला विचारून, न फवारलेला तुकडा निवडावा.

पण गुणांशिवाय हे काम टिकणार नाही. दहावीच्या विज्ञानात प्रात्यक्षिकाला २० गुण आहेत. त्यातले पाच तरी शिवारातल्या नोंदवहीला द्यावेत. नववीच्या वर्गांना तेवढीही वाट पाहायचे कारण नाही. पोळ्याच्या सुमारास कपाशी पात्या-फुलांवर असते आणि अळी आत शिरल्याने न उमललेल्या डोमकळ्या बांधावरून चालतानाही दिसतात.