शिट्टी आमची, पोर तुमचं

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, केळवे, सफाळे परिसरातल्या आई-बाबांना, शाळा-क्लासवाल्यांना आणि वॉटरपार्क-रिसॉर्टच्या मालकांना, काठावर उन्हात उभं राहून काम करणाऱ्यांचं पत्रक

हे पत्रक बोईसर स्टेशनाबाहेर किंवा एमआयडीसीच्या नाक्यावर हातात पडलं असेल, तर वडापावखाली घेण्याआधी एकदा वाचा. जाहिरात नाही. कुठल्या पक्षाचंही नाही. छपाईचे पैसे आम्ही आपसांत वर्गणी काढून दिले आहेत.

तुम्ही स्लाइडवरून खाली येता तेव्हा काठावर शिट्टी घेऊन जो उभा असतो, ते आम्ही. ट्यूब गोळा करणारा, लॉकरची किल्ली देणारी, चेंजिंग रूम पुसणारी मावशी, रेन डान्सचे पाइप सोडणारा, तेही आम्हीच. आमच्यातले बरेच विक्रमगड, जव्हार, तलासरी, मनोरकडचे. पोहायला शिकलो ते सूर्या आणि वैतरणेच्या डोहात, कुठल्या क्लासमध्ये नाही. बहुतेकांना मार्चपासून पाऊस लागेपर्यंतच रोजंदारी मिळते, नंतर घरी. विरार-वसईच्या पट्ट्यापासून केळव्या-डहाणूपर्यंत जिथे पाणी, ट्यूब आणि डीजे आहे, तिथे आमच्यासारखी पोरं उभी आहेत.

आमचं म्हणणं सरळ आहे. तुम्ही पोरं आमच्यावर टाकून जाता, आणि आम्हाला ती सांभाळता येत नाहीत. कुणालाच येणार नाहीत.

टाकून जाणं म्हणजे रस्त्यावर सोडून जाणं नव्हे, हे आम्हालाही कळतं. रोज दिसतं ते असं. चार वर्षांचं पोर छोट्या तलावात सोडायचं आणि नऊ वर्षांच्या ताईला सांगायचं, 'भावावर लक्ष ठेव गं.' ताईसुद्धा खेळायलाच आलेली असते. पाच मिनिटांत ती मोठ्या स्लाइडच्या रांगेत जाते, आणि घरी गेल्यावर बोलणीही तीच खाते. बाबा गाडीच्या डिकीपाशी मित्रांबरोबर 'बसलेले' असतात. त्यांच्या ग्लासात काय असतं ते आम्ही विचारत नाही. आई सासूबाईंना सावलीत खुर्ची शोधत असते. मग कुणीतरी आमच्याकडे हात करून म्हणतं, 'दादा, जरा बघा हां,' आणि उत्तराची वाट न बघता निघून जातं. दादा हो म्हणालाच नव्हता. दादाच्या समोर त्या वेळी पाण्यात दीडशे डोकी असतात.

सगळ्यात वाईट वेळ दुपारची, जेवणाची. बुफेला रांग लागते म्हणून मोठी माणसं आधी जातात. 'पोरं खेळतायत तोवर ताटं वाढून घेऊ' असा सगळ्यांचाच हिशेब. त्या अर्ध्या तासात पाण्यात फक्त मुलं आणि काठावर फक्त आम्ही, आणि आमच्यातलेही दोघं पुऱ्या वाहायला किचनमध्ये बोलावलेले. आमच्यातल्या ज्यानं ज्यानं पाण्यातून पोर वर काढलंय, त्याला विचारा कधी काढलं. उत्तर बहुतेकदा हेच येतं: जेवणाच्या वेळी.

आता बुडण्याबद्दल थोडं, कारण इथेच सगळ्यांचा गैरसमज आहे. सिनेमात माणूस बुडताना हात हलवतो आणि 'वाचवा' ओरडतो. खरं बुडणं मुकं असतं. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेले फ्रँक पिया यांनी हे वर्षानुवर्षं पाहून लिहून ठेवलं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, जेमतेम श्वास घ्यायला वेळ मिळतो, ओरडायला मिळत नाही. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे हलवून बोलावताही येत नाही. शरीर उभंच राहतं, जणू पोर पाण्यात जिना चढतंय. हे सगळं 20 ते 60 सेकंदांत संपतं. छोट्या मुलाचं त्यातही लवकर. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटतं पोर खेळतंय. म्हणून 'ओरडला तर कळेलच की' हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

जगात चांगल्या ठिकाणी जीवरक्षकांना शिकवतात की आपल्या वाट्याचं पाणी 10 सेकंदांत नजरेनं पूर्ण फिरून घ्यायचं आणि काही दिसलं तर पुढच्या 20 सेकंदांत तिथे पोचायचं. आता आमच्याकडे बघा. डोक्यावर एप्रिलचं ऊन, पाण्यावर चकाकी, निम्म्या मुलांच्या अंगावर पार्कनंच भाड्यानं दिलेले एकसारखे निळे कॉश्च्युम, कानात डीजे. आणि त्यातच एक पोर येऊन पाय ओढतं, 'मम्मी नाही दिसत.' आम्ही वाकतो. नाव विचारतो. 'पप्पा कुठे कामाला?' तर म्हणतं, 'कंपनीत.' बोईसरच्या प्रत्येक पोराचे पप्पा कंपनीतच असतात! तारापूर एमआयडीसीत शेकडो कारखाने, आणि मोबाइल नंबर पोराला पाठ नाही. मग माइकवरून घोषणा, डीजे बंद, लोकांच्या शिव्या, आणि आई शेवटी सापडते ती नाश्त्याच्या काउंटरवर. उलट आम्हालाच विचारते, 'एवढा आरडाओरडा कशाला? कुठे पळून जाणार होता?'

ताई, तो पळून गेला नसता. पण त्याच्याशी बोलत होतो तेवढा वेळ आमची नजर पाण्यावर नव्हती. आमची सगळी तक्रार इथे येऊन थांबते. तुम्ही सोडलेलं पोर फक्त स्वतःच धोक्यात नसतं. ते आमचे डोळे पाण्यावरून उचलून स्वतःकडे घेतं, आणि तेवढ्यात पाण्यात असतं ते दुसऱ्या कुणाचंतरी, कदाचित नीट सांभाळलेलं पोर.

यावर उत्तर ठरलेलं आहे. 'एवढं तिकीट भरलंय, मग बघा की तुम्ही.' आता मालकलोकांनी ऐकावं.

तिकीट भरणाऱ्याला असं वाटतं, कारण मालकानं तसं विकलेलं असतं. ज्याच्या अंगात 'लाइफगार्ड' छापलेला लाल टी-शर्ट, तो जीवरक्षक. काल तो पार्किंगमध्ये गाड्या लावत होता हे पाहुण्याला कुठे ठाऊक? कुणाला छातीवर दाब कसा द्यायचा, तोंडानं श्वास कसा द्यायचा, पाठीला मार लागलेल्याला पाण्यातून कसा काढायचा, हे धड शिकवलेलं नसतं. ज्यांना येतं त्यांना ते दुसरीकडून कुठूनतरी आलंय. शनिवार-रविवारी गर्दी दुप्पट होते, काठावरची माणसं तेवढीच. आणि दारावर पाटी: 'मुलांची जबाबदारी पालकांची. व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' या पाटीचा मालकाला वाटतो तेवढा उपयोग नाही. पाटी लावल्यानं निष्काळजीपणा माफ होत नसतो. पण पालकांनीही ती आपल्या सोयीनं उलटी वाचू नये.

आणि दोघांच्या मध्ये उभा असतो तो आमचा पोरगा. काही झालं की पोलीस आधी त्यालाच विचारतात, कारण तो समोर असतो. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्याला जुन्या कायद्यात 2 वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली ती 5 वर्षांपर्यंत गेली. रोजंदारीवरच्या पोरानं वकील कुठून आणायचा? मालकाकडे आहे. तुमच्याकडेही निघेल एखादा नातेवाईक.

शाळांना आणि क्लासवाल्यांना आमचं बोलणं जास्त कडक आहे, कारण पालकांनी पोर त्यांच्या हाती सोपवलेलं असतं. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी गेले. मार्च 2022 मध्ये आपल्याच केळव्याला चौघं गेले. नाशिकहून सहलीला आलेली मुलं होती, आणि गावचा मुलगाही. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट दिलंच नव्हतं. आता त्यातला कायदा ऐका. 1995 साली पठाणकोटजवळच्या एका शाळेची 14 मुलं सहलीत बियास नदीत बुडाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2001 साली न्यायालयानं शाळेला जबाबदार धरलं आणि प्रत्येक मुलामागे 5 लाख रुपये भरपाई कायम केली. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सहलीच्या बसगाड्या लागतात तेव्हा आम्हाला हे आठवतं. गाडीतून पन्नास मुलं उतरतात आणि दोन सर. त्यातले एक सर तिकिटांचा हिशेब करत असतात, दुसऱ्यांना पोहता येत नाही.

हे सगळं फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जर्मनीतल्या जीवरक्षकांच्या संघटनेनं 2018 च्या उन्हाळ्यात जाहीर तक्रार केली की आई-बाप मोबाइलमध्ये असतात आणि मुलं पाण्यात. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये सात वर्षांच्या एका मुलानं आई-वडिलांच्या मोबाइलविरुद्ध मोर्चा काढला, आणि मुलं खरंच रस्त्यावर आली. (आमच्या रेन डान्समध्ये हल्ली मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवतात. म्हणजे पाण्यातही सुटका नाही.) पण तिकडे नियमही असतात आणि पाळलेही जातात. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत 14 वर्षांखालच्या मुलाला एकट्याला दारातून आत घेत नाहीत. ब्रिटनच्या बहुतेक सार्वजनिक तरणतलावांवर 8 वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं म्हणजे हवंच. आपल्याकडे कुणी विचारलं की 'तुमच्या बापाचं पार्क आहे का?' असं ऐकावं लागतं.

तुमची बाजू आम्हाला कळत नाही असं समजू नका. बारा-बारा तासांची पाळी, बोईसरच्या खोलीचं भाडं, गॅसगळतीच्या बातम्या, वर्षातून एकदा सगळ्या घरानं मिळून काढलेली एक सहल. त्या दिवशी आईनंही भिजावं, बाबांनीही स्लाइडवरून ओरडत यावं. आम्ही तुम्हाला बघून हसतो ते चेष्टेनं नाही. पण तुम्ही सहा मोठी माणसं आला असाल, तर सहाही जणांनी एकाच वेळी मोकळं व्हायला हवं असं थोडंच आहे? अर्धा-अर्धा तास वाटून घ्या. ज्याची पाळी त्यानं पाण्यात उतरायचं आणि पोरापासून हातभर अंतरावर राहायचं. मोबाइल लॉकरमध्ये. काठावर खुर्ची टाकून बसणं म्हणजे लक्ष ठेवणं नाही. 20 सेकंदांत चप्पल काढून होत नाही. ज्यानं दारू घेतलीय त्याची पाळी नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं. फुगवलेल्या ट्यूबवर आणि दंडाला लावलेल्या फुग्यांवर भरवसा नको. ती खेळणी आहेत, पोर त्यातून खाली सटकतं.

मालकांकडे आमच्या मागण्या आहेत आणि त्या भीक नाहीत. पाण्यावर ज्याला उभं केलं त्याला पाण्यावरच ठेवा. त्याला पुऱ्या वाहायला लावू नका, ट्यूब मोजायला लावू नका. अर्ध्या तासानं त्याला बदला, उन्हात माणसाचे डोळे त्याहून जास्त टिकत नाहीत. उंच खुर्ची आणि छत्री द्या. सीझन सुरू होण्याआधी प्रशिक्षण द्या, पगारासकट, आणि ज्याला ते मिळालं नाही त्याच्या अंगात तो लाल टी-शर्ट घालू नका. जेवणाच्या वेळेत लाटांचा तलाव तासभर बंद ठेवा. यात तुमचा एक रुपयाही जात नाही, आणि तो बंद असेल तर आई-बाप पोरांना ताटावर घेऊनच जातील. मोठं माणूस बरोबर नसलेल्या छोट्या मुलाला आम्ही पाण्यातून बाहेर काढलं आणि पाहुणा भांडायला आला, तर तुम्ही आमच्या बाजूनं उभं राहा. आजवर बहुतेक वेळा उलटंच झालंय. पाहुण्याची माफी मागायला लावलीय.

जिल्हा प्रशासनालाही विचारायचं आहे. पालघर वेगळा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, तो लोकांना ठाण्याला हेलपाटे पडू नयेत म्हणून. मग जिल्ह्यातल्या प्रत्येक वॉटरपार्क-रिसॉर्टवर किती शिकलेले जीवरक्षक आहेत, याची यादी जिल्हाधिकारी कार्यालयानं दर मार्चला जाहीर करावी आणि तीच यादी तिकीट खिडकीवर लावावी. केंद्र सरकारनं बुडून होणारे मृत्यू रोखण्याचा आराखडा डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलाय. तो इथे राबवायचा तर सुरुवात आमच्यापासून करा. जव्हार-विक्रमगडच्या पोरांना पोहायला येतंच, त्यांना जीवरक्षकाचं शिक्षण इथेच मिळालं तर त्यांचाही पगार वाढेल.

आता या रविवारचं. निघण्याआधी पोराला तुमचा मोबाइल नंबर पाठ करून घ्या. पाठ होत नसेल तर दारावर मनगटाला जो कागदी पट्टा बांधतात, त्यावर तो पेनानं लिहा आणि कंपनीचं नावही लिहा. पेन तिकीट खिडकीवर मिळेल. नाही म्हणाले तर लॉकरवाल्या ताईंकडे मागा, त्यांना आम्ही सांगून ठेवलंय.

— वॉटरपार्क आणि रिसॉर्टमध्ये काम करणारे काही कामगार, पालघर-बोईसर