मुक्काम पोस्ट पाल

आपल्या खानदेशाला ना समुद्र, ना बंदर. त्यामुळे बंदरात नाव लावून तिच्यातच संसार करणाऱ्या माणसांना कोणते नियम लावायचे, हा प्रश्न धुळे-जळगावच्या ग्रामपंचायतींपुढे कधी आला नाही. पण पालात राहणारे आहेत की! साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ घ्या. पावसाळा गावाकडे काढायचा, मग बिऱ्हाड घेऊन मेंढरांमागे निघायचं. ज्या शेतकऱ्याला खत हवं त्याच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, काही रात्री काढायच्या की पुढचं शेत. ही माणसं उगाच फिरत नाहीत हो. फिरणं हाच त्यांचा धंदा आहे.

आता नियम बघा. भटक्या-विमुक्तांना घर मिळावं म्हणून राज्य सरकारची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. हेतू चांगला, वाद नाही. पण पात्रतेत एक अट अशी, की कुटुंब गावोगावी भटकंती करून पोट भरणारं असावं. आणि दुसरी अशी, की ते वर्षातून किमान ६ महिने एका ठिकाणी राहणारं असावं. म्हणजे फिरा भो, पण अर्धंच फिरा! जो ८ महिने बाहेर असतो त्याने काय करायचं? ज्याची वणवण सगळ्यात जास्त, तोच पहिला बाद. आमच्या धंद्यात असा फॉर्म आला तर टेस्टर पहिल्याच दिवशी परत पाठवेल.

दुसरा नमुना जातीच्या दाखल्याचा. विमुक्त जाती, भटक्या जमातींसाठी तारीख ठरलेली आहे, २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवशी किंवा त्याआधी तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा आणा. ज्याच्या आजोबाने कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्याकडे हा कागद येणार कुठून? त्या नोव्हेंबरात आजोबांचं पाल कोणत्या बांधावर होतं, याची नोंद काय मेंढ्यांनी ठेवली?

तुम्ही म्हणाल, सरकारला पत्ता नको का? हवा ना. पण पत्ता म्हणजे भिंतीच, हे कोणी ठरवलं? इंग्लंडमध्ये कालव्यांवर हजारो लोक नावेत कायमचे राहतात. तिथल्या १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार, ज्याच्या नावेला कायमचा धक्का नाही त्याने साधारणपणे एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. फिरत राहा, हाच नियम! मतदार नोंदणीसाठी पक्का पत्ता नसेल, तर जिथे वावर जास्त तिथलं ठिकाण लिहून द्यायचं. तिथे सगळं गोड आहे असं नाही, किती अंतर गेलं म्हणजे 'फिरलं' यावरून त्यांचेही वाद चालतात. पण फिरणारा माणूस असतो, एवढं तरी कायद्याला मान्य आहे.

गंमत म्हणजे याच इंग्रजांनी १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. संशय गेला का? १ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. कुठे? ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! एखाद्या दाखल्याने त्यांचे जीव वाचले असते असा माझा दावा नाही. पण ज्या कार्यालयाच्या दप्तरात फिरत्या माणसासाठी एक रकाना नाही, तिथे तो माणूस परकाच राहणार.

"अहो, अशी सूट दिली तर कोणीही खोटं सांगेल." हे ठरलेलं उत्तर. मग निवडणूक आयोग काय करतो? बेघर माणसाचं नाव यादीत घालायला कागद मागत नाही. बूथ अधिकारी रात्री जाऊन बघतो, माणूस सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का. जे मतासाठी चालतं ते रेशनसाठी, शाळेसाठी, घरासाठी का चालू नये? गृहचौकशी हा शब्द सरकारी कागदात आहेच, ती पालावर जाऊन करा. ज्या गावात मुक्काम, तिथल्या ग्रामसेवकाने तारखेनिशी मुक्कामाचा दाखला द्यावा, पुढच्या गावाने त्यात भर घालावी. वर्षभरात असे दहा दाखले झाले, तर तोच त्या कुटुंबाचा पत्ता. आणि ती ६ महिन्यांची अट आधी काढा.

"त्यापेक्षा स्थिर व्हा ना," असंही सांगतात. ज्याला व्हायचंय त्याला जरूर मदत करा. पण योजनेत कुटुंबाला ५ गुंठे जागा मिळते. पाच गुंठ्यांवर दोनशे मेंढ्या वर्षभर चारून दाखवा, मग बोलू.